वावडे आणि वेष्टन

जिल्ह्याच्या ठिकाणी नेमणूक असताना दर सोमवारी जनसुनावणी घ्यावी लागे. १९९० च्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. जिल्हा पूर्व भारतातला. जमिनीचे वाद, निवृत्तिवेतन, रेशनकार्ड या नेहमीच्या अर्जांच्या गर्दीत एके दिवशी प्राथमिक शाळेतील एक शिक्षिका बिस्किटांचा रिकामा पुडा घेऊन आल्या. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला दुधाचे वावडे होते. दूध पोटात गेले की अंगावर गांधी उठत, ओठ सुजत, श्वास लागे. म्हणून विकत आणलेल्या प्रत्येक खाऊच्या वेष्टनावर 'मिल्क' हा शब्द कोठे दिसतो का, हे त्या कष्टाने वाचून पाहत. या पुड्यावर तो शब्द नव्हता. दोन बिस्किटे खाऊन मुलाला रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने मूल वाचले. बाईंचे म्हणणे एवढेच होते की या बिस्किटांत काहीतरी भेसळ असली पाहिजे.

अन्न निरीक्षकांना नमुना घेण्यास सांगितले. काही आठवड्यांनी विश्लेषकाचा अहवाल आला : नमुना प्रमाणित, भेसळ नाही, वेष्टनावरील मजकूर नियमानुसार. संचिकेवर "तक्रारीत तथ्य आढळून येत नाही, प्रकरण दप्तरी दाखल करावे" अशा अर्थाचा शेरा होता आणि त्याखाली मी स्वाक्षरी केली. पुष्कळ दिवसांनी एका डॉक्टर मित्राशी बोलताना उलगडा झाला. घटकांच्या यादीत 'व्हे पावडर' असे बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेले होते. व्हे म्हणजे दूध फाटल्यावर उरणारी निवळी; दुधातील प्रथिनांचा एक मोठा हिस्सा तिच्यात असतो. कारखानदाराने काही लपवले नव्हते, निरीक्षकाने कामात कसूर केली नव्हती, विश्लेषकाचा अहवाल खरा होता. तरीही ते मूल मृत्यूच्या दारातून परत आले होते, आणि शासनाच्या दप्तरी त्या घटनेची नोंद 'तथ्य नाही' अशी झाली होती.

ही स्वाक्षरी मला अनेक वर्षे टोचत राहिली. दोष एका व्यक्तीचा नव्हता. कायदा जो प्रश्न विचारत होता तोच मुळात वेगळा होता, आणि तो बदलण्यास आपल्याकडे किती काळ लागला याचा इतिहास प्रशासनाच्या अभ्यासकाने पाहण्यासारखा आहे.

अन्नविषयक कायद्याची आपली परंपरा शुद्धतेची आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २७२ व २७३ यांनी विक्रीच्या अन्नात अपायकारक भेसळ करणे व असे अन्न विकणे हे गुन्हे ठरवले. (२०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलमे २७४ व २७५ म्हणून आली आहेत.) इंग्लंडमध्ये त्याच सुमारास भेसळीने कहर केला होता. १८५८ साली ब्रॅडफर्ड गावात पेपरमिंटच्या गोळ्यांत चुकून सोमल मिसळला गेला आणि सुमारे वीस माणसे दगावली. १८७५ च्या ब्रिटिश कायद्याने एक सूत्र रूढ केले : ग्राहकाने मागितलेल्या प्रकृतीचा, द्रव्याचा व गुणवत्तेचा पदार्थच त्याला मिळाला पाहिजे. हेच सूत्र पुढे आपल्या प्रांतिक कायद्यांत उतरले. मद्रासचा कायदा १९१८ चा, बंगालचा १९१९ चा, मुंबईचा १९२५ चा. स्वातंत्र्यानंतर या सर्वांच्या जागी १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम आला व १ जून १९५५ पासून अमलात आला. त्याखालील नियमांनी वेष्टनावर घटकांची यादी छापण्यास सांगितले खरे, परंतु त्या यादीमागील हेतू फसवणूक टाळण्याचा होता. दुधात पाणी, मिरचीत विटेची भुकटी, मोहरीत धोत्र्याचे बी हे कायद्याचे शत्रू होते. शुद्ध दूध कोणाचा घात करू शकेल, ही कल्पना त्या कायद्याच्या कक्षेतच नव्हती.

किंबहुना शुद्धतेच्या रक्षणासाठी कायद्यानेच काही वावडी अन्नात नेऊन ठेवली. वनस्पती तुपाचे उदाहरण पाहा. स्वस्त वनस्पती खऱ्या तुपात मिसळून विकण्याचा धंदा जोरात होता. ती भेसळ ओळखायची कशी? तिळाच्या तेलाला फरफ्युराल व हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या संयोगाने तांबडा रंग येतो; हीच बोदुआँ चाचणी. म्हणून प्रत्येक वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल असलेच पाहिजे, अशी अट घालण्यात आली. तुपात वनस्पती मिसळली की चाचणीत रंग उमटे आणि चोर सापडे. प्रशासकीय दृष्टीने ही युक्ती मोठी चतुर होती. परंतु वेष्टनावर 'वनस्पती' एवढाच शब्द वाचणाऱ्या, तिळाचे वावडे असणाऱ्या माणसाला या हेराची कल्पना असण्याचे कारण नव्हते. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिनांचा अंश फारसा उरत नाही हे खरे, पण नियमाला कच्चे तेलही चालत होते.

दुसरे उदाहरण आपल्या रोजच्या फोडणीतले आहे. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग हा बांधणी हिंग असतो. मूळ हिंग इतका उग्र की तो तसाच वापरणे कठीण. म्हणून त्यात डिंक व पीठ घालून तो बांधतात. कायद्याच्या मानकातही बांधणी हिंगात खाद्य पिष्ट किंवा धान्याचे पीठ चालते असे म्हटलेले आहे, आणि व्यवहारात ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. ज्याला गव्हातील ग्लुटेन सोसत नाही असा सिलिअ‍ॅक रोगी पोळी सोडून भाकरी-भातावर येतो, वरणभात निर्धास्तपणे खातो आणि वरणाच्या फोडणीतून गहू त्याच्या पोटात जात राहतो. यात भेसळ कोठेच नाही. हिंग प्रमाणित आहे.

ज्या काळात कायदा शुद्धतेच्या मार्गाने चालला होता, त्याच काळात वैद्यकशास्त्र वेगळ्या वाटेने जात होते. मोनॅकोच्या राजाच्या जहाजावरील सागरी सफरीतून सुरू झालेल्या संशोधनात शार्ल रिशे व पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांना आढळले की पहिल्या वेळी सोसलेली विषाची मात्रा काही दिवसांनी दुसऱ्यांदा अल्प प्रमाणात दिली तरी प्राणी तडकाफडकी मरतो. १९०२ मध्ये त्यांनी या प्रकाराला 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' असे नाव दिले. रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'अ‍ॅलर्जी' हा शब्द घडवला. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी सिलिअ‍ॅक रोग आणि गहू यांचा संबंध १९५० पर्यंत प्रस्थापित केला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी अ‍ॅलर्जीच्या मुळाशी असणारे प्रतिपिंड शोधून काढले. या सर्व शोधांचे सार एका वाक्यात सांगता येते : दोष अन्नात नसतो, तो अन्न आणि एखादे विशिष्ट शरीर यांच्या नात्यात असतो.

आपल्या भाषेला हे नाते अपरिचित नव्हते. 'वावडे' हा शब्द नेमका तेच सांगतो, आणि आयुर्वेदातील सात्म्य-असात्म्य हा विचारही त्याच जातीचा आहे. अडचण अशी की मराठीत नावडीलाही आपण वावडे म्हणतो. एखाद्याला शिस्तीचे वावडे असते, एखाद्याला कामाचे. त्यामुळे 'याला शेंगदाण्याचे वावडे आहे' असे म्हटले की ऐकणाऱ्याला तो जेवणातील नखरा वाटतो, आणि 'थोडे खाऊन तर बघ' असा आग्रह सुरू होतो. जो प्रश्न घरात नखरा समजला जातो, तो विधिमंडळात सहसा पोहोचत नाही.

कायद्याला या प्रश्नाची जाग आंतरराष्ट्रीय व्यापाराने आणली. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून चालवलेल्या कोडेक्स आयोगाने १९८५ मध्ये वेष्टित अन्नाच्या लेबलांचे सर्वसाधारण मानक स्वीकारले. त्यात एक सवलत होती. एखादा मिश्र घटक, उदाहरणार्थ तयार सॉस किंवा मसाला, एकूण पदार्थाच्या २५ टक्क्यांहून कमी असेल तर त्याच्या पोटातील घटक सांगण्याची आवश्यकता नव्हती. छपाईची जागा वाचावी, एवढाच हेतू. पण ज्याला शेंगदाण्याच्या कणभर कुटानेही श्वास लागतो, त्याच्यासाठी २५ टक्के म्हणजे संपूर्ण अंधार होता. कालांतराने ही मर्यादा ५ टक्क्यांवर आणली गेली आणि १९९९ मध्ये ज्यांचा उल्लेख नेहमीच केला पाहिजे अशा आठ गटांची यादी मानकात आली. युरोपीय संघाने २००३ च्या निर्देशाने आपली यादी केली. अमेरिकेने २००४ मध्ये कायदा करून १ जानेवारी २००६ पासून आठ प्रमुख अ‍ॅलर्जीकारकांची नावे सक्तीची केली. या अमेरिकी कायद्यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी तरतूद म्हणजे साध्या नावाची सक्ती. 'केसीन' किंवा 'व्हे' एवढे लिहून भागणार नाही; 'दूध' असे लिहिले पाहिजे. जनसुनावणीला आलेल्या त्या शिक्षिकेचे समाधान या एका तरतुदीने झाले असते.

आपल्याकडे या काळात काय चालले होते? १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलाने जलशोथाची साथ पसरली. साठाहून अधिक माणसे मेली, हजारोंना बाधा झाली. त्याच वर्षी खाद्यतेल वेष्टन नियंत्रण आदेश निघाला व सुट्या तेलाच्या विक्रीवर बंधने आली. शत्रू ओळखीचा होता, म्हणजे भेसळ, आणि शासनाने वेगाने पावले उचलली.

पुढच्या दोन-तीन वर्षांत दुसरा बदल झाला. २००० आणि २००१ मधील दुरुस्त्यांनी वेष्टित अन्नावर प्रथम मांसाहाराचे तपकिरी व नंतर शाकाहाराचे हिरवे चिन्ह सक्तीचे झाले. निरक्षर माणसालाही क्षणात समजेल असे हे चिन्ह भारतीय प्रशासनाची जगाला एक चांगली देणगी आहे, असे मी मानतो. त्यामागचा विचारही नवा होता. येथे कायदा प्रथमच म्हणत होता की पदार्थ शुद्ध आहे एवढे पुरेसे नाही. खाणारा कोण आहे हेही महत्त्वाचे आहे. पण तो खाणारा श्रद्धेने ओळखला गेला, शरीराने नव्हे. या नियमात अंडे मांसाहारात गेले आणि दूध शाकाहारात. श्रद्धेच्या दृष्टीने ते योग्यच होते. मात्र दुधाचे वावडे असणाऱ्या मुलाच्या आईला हिरवा ठिपका काहीच सांगत नव्हता. उलट 'सर्वांना चालेल' असा खोटा दिलासा देत होता.

श्रद्धेचा प्रश्न आधी सुटला आणि शरीराचा मागे राहिला, याबद्दल कोणास दोष द्यावा असे मला वाटत नाही. लोकशाहीत शासन मोठ्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आधी देते. शाकाहारी ग्राहक कोट्यवधी होते, संघटित होते, त्यांचा प्रश्न सर्वांना समजणारा होता. वावडे असणारा माणूस त्याच्या घरात, गावात बहुधा एकटाच असतो. तरी एकट्या माणसाचा विचार आपल्या नियमांना अगदीच परका नव्हता. अ‍ॅस्पार्टेम हा कृत्रिम गोड पदार्थ असलेल्या अन्नावर फिनिलकीटोनुरियाच्या रुग्णांसाठी इशारा छापावा, असा नियम अन्नभेसळ कायद्याखालीच होता. तो आजार अत्यंत विरळा. म्हणजे दुर्मीळ शरीराची दखल घेणे आपल्याला जमत होते. फक्त ती दखल रसायनाच्या निमित्ताने घेतली गेली, दूध-गहू-शेंगदाण्यासारख्या घरच्या अन्नाच्या निमित्ताने नव्हे. घरच्या अन्नाबद्दल शंका घेणे आपल्याला जड जाते.

२००६ मध्ये अन्न सुरक्षा व मानके अधिनियम संमत झाला, २००८ मध्ये प्राधिकरण स्थापन झाले आणि ५ ऑगस्ट २०११ पासून १९५४ चा कायदा इतिहासजमा झाला. कायद्याच्या नावातला बदल अर्थपूर्ण आहे : 'भेसळ' गेली, 'सुरक्षा' आली. परंतु अ‍ॅलर्जीकारकांची स्वतंत्र ओळ वेष्टनावर येण्यास आणखी दशक जावे लागले. २०२० च्या लेबलिंग व प्रदर्शन विनियमांनी आठ गट निश्चित केले : ग्लुटेनयुक्त तृणधान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, म्हणजे बदाम-काजू-अक्रोड आदी, सोयाबीन, आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट. यांपैकी जे असेल ते घटकांच्या यादीखाली वेगळे लिहावयाचे, आणि कारखान्यात चुकून मिसळण्याची शक्यता असेल तर तसेही सांगावयाचे. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांवरही ही माहिती उपलब्ध करण्याचे बंधन आले. याच विनियमांनी मांसाहाराचा तपकिरी गोल बदलून त्रिकोण केला, म्हणजे रंग ओळखू न येणाऱ्यांनाही आकारावरून फरक कळावा. शरीराचा विचार हळूहळू आत येतो आहे, याची ही खूण.

तरीही तीन गोष्टी अपुऱ्या आहेत.

पहिली, यादी आपली नाही. ती कोडेक्सच्या १९९९ च्या यादीवर बेतलेली आहे, आणि ती यादी बहुतांशी पाश्चात्त्य देशांतील अनुभवावर. आपल्या ताटातील हरभरा, मोहरी आणि तीळ तिच्यात नव्हते. युरोपच्या १४ जणांच्या यादीत तीळ व मोहरी आहेत. अमेरिकेने २०२१ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२३ पासून तिळाला नववे स्थान दिले आणि २०२४ मध्ये कोडेक्सनेही तीळ स्वीकारला. संक्रांतीला घरोघर तीळ वाटणाऱ्या देशाने त्याबाबत स्वतःची पाहणी करून निर्णय घ्यावयास हवा. कर्नाटकातील प्रौढांच्या एका पाहणीत रक्तचाचणीत संवेदनशीलता पुष्कळांत, सुमारे चौथ्या हिश्श्यात आढळली, पण प्रत्यक्ष अन्न-अ‍ॅलर्जी संभवनीय वाटावी असे लोक सुमारे एक टक्काच निघाले. एक टक्का ऐकावयास लहान वाटतो. या देशात तो एक कोटीहून अधिक माणसांचा असतो.

दुसरी, सक्ती केली म्हणजे हेतू साधतोच असे नाही. अमेरिकेत तिळाचा नियम लागू झाल्यावर काही बेकरीवाल्यांनी यंत्रे स्वच्छ ठेवण्याचा खर्च टाळण्यासाठी पावात मुद्दाम तिळाचे पीठ घातले आणि लेबलावर 'तीळ आहे' असे प्रामाणिकपणे छापले. कायदा पाळला गेला, आणि तिळाचे वावडे असणाऱ्यांचा पूर्वी चालणारा पावही बंद झाला. आपल्याकडेही 'अमुक असू शकते' हे वाक्य सरसकट छापून जबाबदारी झटकण्याची वृत्ती वाढू नये, यावर अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांचे लक्ष हवे.

तिसरी गोष्ट भाषेची. नियमाप्रमाणे वेष्टनावरील मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असला की पुरे. अन्य भाषा ऐच्छिक. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा अर्थ लवकर कळतो. चेन्नईत किंवा कोलकात्यात नोकरी करणारा मराठी माणूस इंग्रजीवर निभावून नेतो, पण त्याच्याकडे नातवंडे सांभाळायला आलेल्या आजीला 'पीनट' म्हणजे शेंगदाणा हे ठाऊक असेलच असे नाही. तीच गत तमिळ किंवा बांगला एवढेच वाचणाऱ्या कोट्यवधींची. शाकाहाराला जसे चिन्ह आहे, तसे आठ घटकांना आठ साधी चिन्हे देणे अशक्य नाही.

आणि जेथे वेष्टनच नाही तेथे? २०१६ मध्ये लंडनहून विमानाने निघालेली पंधरा वर्षांची नताशा नावाची मुलगी विमानतळावर घेतलेला भरलेला पाव खाऊन दगावली. पावाच्या पिठात तीळ होते. पाव दुकानातच तयार झालेला असल्याने त्यावर घटक छापण्याचे बंधन नव्हते. तिच्या आईवडिलांच्या प्रयत्नांतून नियम बदलला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून तेथे अशा पदार्थांवरही संपूर्ण घटक छापावे लागतात. आपल्याकडे मिठाईच्या दुकानातील खोकी, फरसाणाच्या बांधून दिलेल्या पिशव्या, रेल्वे फलाटावरचे डबे हा व्यवहार अफाट आहे आणि तेथे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

आपण स्वतःही त्या व्यवहारात आहोत. दिवाळीत बंगळुरूहून किंवा पुण्याहून परदेशी मुलांकडे जाणारा फराळ, महाराष्ट्र मंडळातील पंगत, शेजाऱ्याला दिलेली कोशिंबीर यांवर कोणताही विनियम लागू नाही. आपल्या भाजीत, खिचडीत, कोशिंबिरीत दाण्याचे कूट इतके सहज पडते की ते घातल्याचे आपल्याला आठवतही नाही. ज्याला त्याचे वावडे आहे त्याला वाचवणारे औषध, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचे स्वतः टोचून घेण्याचे इंजेक्शन, आपल्या देशात फार थोड्यांच्या खिशात असते. म्हणून वाढण्यापूर्वी 'यात दाण्याचे कूट आहे, चालेल ना?' असे विचारावे, आणि डब्यावर एक चिठ्ठी चिकटवावी.

त्या शिक्षिकेचा मुलगा आता तिशीच्या आसपास असेल. आज तोच पुडा विकत घेतला तर घटकांच्या यादीखाली, तिच्यापासून वेगळ्या ओळीत, 'दूध' हा शब्द त्याला सापडेल. नाही सापडला, तर ती तक्रार मिथ्याछापाची ठरेल आणि २००६ च्या कायद्याच्या कलम ५२ खाली तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल. अन्न सुरक्षा विभागात काम करणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना मी एवढेच सुचवीन की अशी तक्रार आली तर नमुना शुद्ध निघाल्यावर संचिका बंद करू नये. तक्रारदारास बोलावून वेष्टन पुन्हा एकदा, त्याच्यासमोर, मोठ्याने वाचावे.